उसन्या सिस्टरांची सकाळ

आधी नाव लिहिते, मग काय झालं ते. अलका सिस्टर. त्यांचं आडनाव लिहीत नाही आणि दवाखान्याचंही नाव लिहीत नाही, कारण मला अजून याच जिल्ह्यात पोट भरायचंय आणि भीती वाटते. पण हे एवढं नाव पहिल्या ओळीत पाहिजे होतं. मी आज परभणीत ताठ मानेनं फिरते, माझ्यावर पोलीस केस नाही, आजारी माणसाच्या अंगाला हात कसा लावायचा ते मला येतं, हे सगळं या एका बाईमुळं.

या अंकाच्या संपादक ताईंच्या आईला मी पूर्णेत सांभाळत होते. ताई म्हणाल्या, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, माझं शिक्षण आठवी, तीही अर्धी. त्या म्हणाल्या, वेलांट्या मी बघते. मी म्हटलं, वेलांट्या बघा, पण राग काढून टाकू नका. त्यांनी नाही काढला.

माझं गाव गडचिरोलीकडं, धानाच्या मुलखातलं. शाळा नदीच्या पलीकडं. पाणी वाढलं की पलीकडं नेणारा डोंगा बंद, डोंगा बंद की शाळा बंद. आठवीच्या पावसाळ्यात बंद झालेली शाळा माझ्यासाठी परत उघडलीच नाही. मग काही वर्षांनी एक माणूस गावात आला, दवाखान्यात कामाला मुली पाहिजेत म्हणून. राहायची सोय आहे, पांढरे कपडे मिळतात, असं त्यानं आईला सांगितलं. आईला वाटलं पोरगी नर्स होणार. मलाही तसंच वाटलं. परभणीला उतरले तेव्हा हातात एक पिशवी होती. भाषा मराठीच, पण माझी वेगळी. मी 'का' ऐवजी 'काहून' म्हटलं की सगळा वॉर्ड हसायचा. आणि पहिल्याच दिवशी एक माझ्या आजाएवढा म्हातारा मला म्हणाला, "मावशे, जरा पाणी दे." मी मागं वळून बघितलं, कोण मावशी म्हणून. तर ती मीच. दवाखान्यात आयाचं काम करणारी बाई कितीही वयाची असो, ती मावशीच. विशी नुकतीच ओलांडली होती आणि मी सगळ्या परभणीची मावशी होऊन बसले.

बाहेरच्यांना दवाखान्यात पांढऱ्या कपड्यातली कुणीही बाई सिस्टर वाटते. तसं नसतं. मावशीनं भांडं द्यायचं, भांडं काढायचं, चादरी बदलायच्या, अंग पुसायचं, जेवण वाटायचं, खुर्चीवर बसवून एक्सरेला न्यायचं. सिस्टरनं औषध, इंजेक्शन, सलाईन, पट्टी, ताप, बीपी बघायचं आणि मुख्य म्हणजे लक्ष ठेवायचं. कोण पिवळा पडतोय, कोणाचा श्वास बदललाय, कोण नेहमीपेक्षा जास्त शांत आहे. लक्ष ठेवणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मालक लोकांना ते काम वाटत नाही.

अलका सिस्टर सांगायच्या की साध्या वॉर्डात पाच-सहा पेशंटांमागं एक सिस्टर असावी असं त्यांना कॉलेजात शिकवलं होतं. आमच्या वॉर्डात खाटा चाळीस. दिवसपाळीला सिस्टर एक. औषधं वाटत या टोकाहून त्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाच्या माणसाची पुढच्या गोळीची वेळ झालेली असायची. मधेच डॉक्टरांचा राऊंड आला की सिस्टर त्यांच्या मागं. एकाला उलटी झाली की बाकीचे सगळे वाऱ्यावर. मग नातेवाईकच अर्धे नर्स झालेले. सलाईन संपत आली की नळीवरची चकरी सरकवून बंद करायची, हे आमच्या वॉर्डात आलेल्या प्रत्येक सुनेला दुसऱ्या दिवशी येत होतं. एखादी सून शेजारच्या चार खाटांच्याही चकऱ्या बंद करत हिंडायची. लोक कौतुक करायचे, काय समजूतदार बाई आहे म्हणून. मला आता त्या कौतुकाचाही राग येतो. ती तिचं माणूस बघायला आली होती. वॉर्ड चालवायला आली नव्हती.

सिस्टरांनी मला कामाला लावलं ते चिंध्यांनी. जुनं लुगडं फाडून त्यांनी पट्ट्या केल्या होत्या. पांढरी पट्टी खाटेच्या उशाच्या दांडीला बांधलेली असली तर त्या माणसाला उपाशी ठेवायचं, ऑपरेशन आहे. लाल पट्टी म्हणजे शुगरचा पेशंट, जेवणाआधी इन्शुलिनचं इंजेक्शन घेणारा. शुगरवाल्याला इंजेक्शन दिलं आणि जेवण नाही दिलं तर रक्तातली साखर पार उतरते आणि माणूस हातचा जातो. म्हणून सिस्टर इंजेक्शन दिलं की लाल चिंधीला गाठ मारायच्या.

"चिंधी मोकळी दिसली तर ताट थांबव. गाठ दिसली की ताट लगेच दे. मी जवळ असो, नसो," त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. "मला चाळीस ठिकाणी तोंड नाही गं. चिंधी बोलेल."

आणि चिंधी बोलायची. जेवणाची गाडी आली की मी आधी गाठी बघत जायची.

सोपानबाबा आमच्याकडं आले ते पालमकडच्या एका वस्तीवरून. जन्मभर मेंढरं राखलेली. शुगरमुळं पायाची जखम चिघळली होती. मुलगा मारुती सोबत असायचा, खांद्यावर घोंगडी टाकलेला, अबोल. बाबा मात्र गप्प बसणाऱ्यातले नव्हते. एक दिवस मी त्यांची चादर बदलत होते तर म्हणाले,

"कितीक माणसं हायेत, माय, तुमच्या या वाड्यात?"

वाडा म्हणजे त्यांच्या भाषेत मेंढरांचा. मी म्हटलं, "चाळीस, बाबा."

"आन राखनारी?"

"एक सिस्टर."

बाबांनी बोटांवर हिशोब केला. "शंभर मेंढरं घेऊन निघालो तर आमाला दोन मानसं आन तीन कुत्री लागत्यात. तुमच्यात तर कुत्रंबी न्हाई."

पलीकडून अलका सिस्टर औषधांच्या ट्रॉलीवरून म्हणाल्या, "मी हाय की, बाबा. दिवसभर भुंकायलेच की मी."

सगळा वॉर्ड हसला. मारुतीसुद्धा. बाबांनी हात जोडले, "तसं न्हाई म्हनलो माय, तू तर आमची धनीन हायेस."

मग तपासणी आली.

दवाखान्याची कसली तरी मान्यता वाढवून घ्यायची होती. आधीच्या दिवसापासून भिंती पुसणं, पडदे लावणं सुरू. त्या सकाळी दारात एक बस उभी राहिली आणि तिच्यातून मुली उतरल्या, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यातल्या. मालकांचं दुसऱ्या गावात नर्सिंगचं कॉलेज आहे आणि एक दवाखाना आहे, तिथून आणलेल्या. आमच्या वॉर्डात सात जणी आल्या. प्रत्येकीच्या छातीवर आमच्या दवाखान्याच्या नावाची पाटी, नवी कोरी.

मॅनेजरसाहेब वॉर्डभर फिरले आणि चिंध्यांपाशी थांबले. "हा वॉर्ड आहे का जत्रेतलं झाड? काढा हे सगळं."

"साहेब, त्या खुणा आहेत," अलका सिस्टर म्हणाल्या.

"खुणा फायलीत असतात, सिस्टर."

"फाईल इंग्रजीत. मावशीला वाचता येत नाही. नातेवाइकांना येत नाही."

"नातेवाईक आज बाहेर. आणि मावशीचं काय काम वाचायचं?" त्यांनी दोन मामांना, म्हणजे वॉर्डबॉयना, बोलावलं आणि सगळ्या दांड्या मोकळ्या करून घेतल्या. चिंध्या कचऱ्याच्या पिशवीत गेल्या. मारुतीला आणि बाकीच्या सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं.

आता त्या सकाळचं लिहिते.

ती सकाळ फार सुंदर होती. मी तसा वॉर्ड कधी पाहिला नव्हता. कोपऱ्यातल्या लकवा झालेल्या आजोबांना दोघींनी मिळून कुशीवर वळवलं, पाठीच्या जखमा धुतल्या, पावडर लावली. एका आजीचे केस कुणीतरी विंचरून दिले. आजी नुसत्या रडत होत्या, कारण त्या केसांना आल्यापासून कुणाचा हात लागला नव्हता. कुणी "सिस्टर" म्हटलं की दुसऱ्यांदा म्हणायची वेळ येत नव्हती. ज्या पोरी आल्या त्या काही खोट्या नव्हत्या. शिकलेल्या होत्या, हाताला हलक्या होत्या, मनापासून करत होत्या. खोटं होतं ते त्यांचं इथं असणं.

अलका सिस्टर स्टुलावर बसल्या. वॉर्डात बसलेलं मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हातात चहा होता आणि चहातून वाफ येत होती. एरवी त्यांचा चहा साय धरून तसाच पडलेला असायचा. माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "वैशाली, वॉर्ड असा असतो गं." मग थोड्या वेळानं, "मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. म्हणून पुरी पडत नाही."

सोपानबाबा खूश होते. मला डोळा मारून म्हणाले, "आज वाड्याला राखन लय झाली की गं!"

त्यांच्या खाटेपाशी एक चष्म्याची मुलगी होती. गोड बोलत होती. तिनं फाईल वाचली आणि जेवणाच्या वेळेला बाबांना इन्शुलिन दिलं. फायलीत लिहिलं होतं तसं, अगदी बरोबर. शेजारच्या खाटेवर सेलूचे एक काका होते, कापसाच्या जिनिंग मशीनमध्ये हात सापडलेले. त्यांनी मला नंतर सांगितलं की तिनं विचारलं होतं, "बाबा, जेवण येतंय ना आता?" आणि बाबा म्हणाले होते, "येईल की माय, रोज येतंय."

जेवण आलं नाही. तपासणीची कमिटी जाईपर्यंत वॉर्डात वरणाचा वास नको, असा मॅनेजरसाहेबांचा हुकूम होता. गाडी स्वयंपाकघराच्या बोळात उभी. कमिटी आली, फिरली, डोकी मोजली, फोटो काढले. कोणीही एका मुलीला विचारलं नाही की बाई, तू इथं कधीपासून आहेस, तुझा रुमाल ठेवायचा कप्पा कुठला. त्यांची मोटार आणि ती बस फाटकाशी शेजारी शेजारी उभ्या होत्या. मोटारीतून उतरणाऱ्याला बस दिसत नाही का? मला आठवीतलीला दिसते.

कमिटी मालकांकडं जेवायला गेली आणि इकडं बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला प्रत्येक खाटेपाशी उभी राहून सांगते, याला हे दिलं, याचं ते राहिलं. त्याला चार्ज देणं म्हणतात. त्या पोरींना कुणी चार्ज देऊ दिला नाही. छातीवरच्या पाट्या मामांनी दारातच परत घेतल्या. चष्म्याची मुलगी वळून अलका सिस्टरना काहीतरी सांगायला बघत होती, पण सिस्टर तेव्हा पार दुसऱ्या टोकाला एका बाईच्या सुजलेल्या हातातली सुई काढत होत्या आणि मुलीला मागून हाका येत होत्या, "चला, चला." ती गेली.

चाळीस माणसं आणि परत एकटी बाई.

मग जेवणाची गाडी सुटली. मी ताटं वाटायला लागले. शुगरवाल्यांची ताटं मी बाजूला ठेवली. का ठेवली? कारण आमचा नियमच तो. गाठ नाही तर ताट नाही. चिंध्या तर नव्हत्याच, मग मी ठरवलं की अलका सिस्टर इंजेक्शन घेऊन येतील तेव्हा देऊ. मला जे शिकवलं होतं तेच मी केलं. उसन्या मुलीनं फायलीप्रमाणं केलं. सिस्टरांनी हातातलं सोडलं नाही. तिघींचं बरोबर होतं आणि त्या तीन बरोबर गोष्टींच्या मधे बाबा पडले होते. दुसऱ्या दोघा शुगरवाल्यांनी भुकेनं आरडाओरडा करून माझ्याकडून ताटं ओढून घेतली, म्हणून ते वाचले. बाबांनी काही मागितलं नाही. मला वाटलं, दमून झोपलेत.

सेलूच्या काकांनी हाक मारली, "मावशे, हे बाबा काय बडबडायलेत बघ की. मेंढरं हाकायलेत जनू."

मी गेले. बाबांची बंडी घामानं पिळून निघत होती. डोळे अर्धे उघडे, ओठ हलत होते, आवाज बंद होत चालला होता. मला काही कळलं नाही, मी फक्त ओरडले. अलका सिस्टर पळत आल्या. एक चप्पल वाटेत कुठं तरी राहिली. बाबांच्या कपाळावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"जेवले का?"

"नाही. तुम्ही इंजेक्शन दिलं नव्हतं ना."

त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. "त्या पोरीनं दिलं असंल," एवढंच म्हणाल्या. बोटाला टोचून मशीन लावली, आणि आकडा बघून मशीन फेकूनच दिली. "हात धर. सरळ धर. हलू देऊ नको." शीर सापडत नव्हती. डॉक्टर सगळे कमिटीच्या पंगतीत. मी बाबांचा हात माझ्या गुडघ्यावर दाबून धरला होता आणि मनात आईला हाका मारत होते. तिसऱ्यांदा शीर सापडली. साखरेचं औषध आत गेलं.

बाबा वाचले. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले. पण पहिले बाबा परत आले नाहीत. बोलणं अडखळायला लागलं, मारुतीला ओळखायचे आणि मधेच ओळखायचे नाहीत. ज्या जिभेनं सगळा वॉर्ड हसवला तिची धार गेली ती गेलीच.

त्या दुपारी व्हरांड्यात काय झालं ते आता लिहिते. मारुती आणि त्याच्या भावकीची माणसं फाटक ढकलून आत आली होती. मॅनेजरसाहेबांनी मला खांद्याला धरून पुढं ढकललं. "जेवण द्यायचं काम हिचं. दिलं नाही हिनं. परमुलखातनं आलेली पोरगी, ना कळत, ना वळत. आजच काढतो हिला. पाहिजे तर पोलिसात द्या."

अबोल मारुती माझ्या अंगावर धावून आला. "माझ्या बापाला उपाशी ठिवलीस? त्यानं तुला माय म्हनलं गं! माय म्हनलं तुला!"

इथं माझं कोण होतं? पोलीस आले असते तर मी कुणाला फोन करणार होते? आईला?

अलका सिस्टर आमच्या मधे येऊन उभ्या राहिल्या, एका पायात चप्पल नसलेल्या. "मारुतीभाऊ, हिच्याकडं नका बघू. माझ्याकडं बघा. सकाळी तुम्हाला बाहेर काढलं तेव्हा वॉर्डात किती सिस्टर होत्या?"

"लय होत्या. सात-आठ."

"आता किती दिसायल्यात?"

मारुतीनं दारातून आत बघितलं. "त्या कुटं गेल्या?"

"बसमध्ये बसून गेल्या. पुढच्या तपासणीला येतील परत. इंजेक्शन त्यांच्यातल्या एकीनं दिलं. ही काय, ती काय, दोघींनी आपापलं काम केलं. मधे सांगायला माणूस नव्हता. इथं माणूस कधीच नसतो. रोज मी एकटीच असते."

"सिस्टर!" मॅनेजरसाहेब ओरडले. "केबिनमध्ये या."

"इथंच बोला साहेब. मी केबिनमध्ये आले तर वॉर्डात कुणी नाही."

मारुतीचा एक चुलता होता, पागोटेवाला. तो सावकाश म्हणाला, "म्हंजी सकाळची समदी बाजारातली जनावरं व्हय? दाखवायपुरती?" आणि माझ्याकडं बघून, "या पोरीला कुनी हात लावायचा न्हाई. कामावरनं काढलं तर गाठ आमच्याशी हाय."

मला काढलं नाही. अलका सिस्टरना काढलं. त्या दिवसाला महिनाही भरला नव्हता. कारण काय दिलं? सध्या माणसं जास्त झाली आहेत! चाळीस खाटांच्या वॉर्डात एक सिस्टर होती आणि ती जास्त झाली. मीही निघते म्हणून पिशवी भरायला लागले, तर त्यांनीच हात धरला. "वेडी आहेस का? नवीन पोरगी येईल तिला कोण सांगणार? तू थांब. निदान चिंध्या परत बांध."

मी बांधल्या. नवीन सिस्टर नुकतीच कॉलेजातून निघालेली होती. ती बाथरूममध्ये जाऊन रडायची. पुढं मीही तो दवाखाना सोडला आणि पूर्णेला आले. तपासणीत दवाखाना पास झाला, हे सांगायचं राहिलंच.

लोक मला विचारतात, सिस्टर लोक एवढे चिडके का असतात, हाकेला येत का नाहीत. तुमचं माणूस दगावलं की सिस्टरची कॉलर धरता. मालकाची धरत नाही, तो गावातच नसतो. दवाखान्यात गेलात की यंत्र किती आहेत, एसी आहे का, हे बघता. एकदा तरी विचारा, या वॉर्डात माणसं किती आणि सिस्टर किती. तपासणीच्या दिवशी नका विचारू. एखाद्या साध्या मंगळवारी विचारा.

अलका सिस्टर आता सेलूला असतात. परभणीतल्या कुठल्याच मोठ्या दवाखान्यानं त्यांना घेतलं नाही. मालक लोक एकमेकांना फोन करतात. एका छोट्या डॉक्टरांकडं त्या पट्ट्या बांधतात. मी भेटायला जाते तेव्हा मला आधी जेवायला वाढतात, मग बोलतात. त्या दिवसाबद्दल कधीच नाही. मागच्या खेपेला त्या जिन्यावरून उतरताना भिंतीला धरून उतरल्या. उभं राहून राहून गुडघे गेलेत.

सिस्टर, हे तुम्ही वाचाल हे मला माहीत आहे. तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या आहात. कधीतरी तुम्हालाही खाट धरावी लागेल. तेव्हा मला नुसतं कळवा. मी गावाकडं असले तरी येईन, कुठंही असले तरी येईन. माझ्या हातात दुसरा पेशंट नसेल. तुम्हाला दुसऱ्यांदा हाक मारावी लागणार नाही. एका माणसामागं एक माणूस, अगदी शेवटपर्यंत. तेवढं मी करणार आहे.